बोजांसीचा निवाडा : ॲक्विटेनच्या एलिनॉरचा पहिला विवाह आणि त्याचा शेवट

११५२ सालच्या २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी, ओर्लेआं आणि ब्लोआ यांच्या दरम्यान ल्वार नदीकाठी वसलेल्या बोजांसी या गावी धर्मगुरूंची एक सभा भरली. अध्यक्षस्थानी सांसचे आर्चबिशप होते. रेंस, रूआं आणि बोर्दोचे आर्चबिशप, बरेच बिशप आणि राज्यातील सरदारही हजर होते. राजाच्या काही नातलगांनी तेथे शपथेवर सांगितले, की फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि राणी एलिनॉर हे एकमेकांचे रक्ताचे नातलग असून चर्चने विवाहासाठी निषिद्ध ठरवलेल्या पिढ्यांच्या आत येतात. हे सांगणे खरे होते. कोणी हरकत घेतली नाही, आणि जवळपास पंधरा वर्षांचा संसार मुळात वैध नव्हताच, असे ठरले. विवाह सद्भावनेने झाला होता म्हणून मारी आणि आलिक्स या दोन मुली औरस मानल्या गेल्या आणि बापाकडे राहिल्या. ॲक्विटेनची डची, म्हणजे ड्यूकच्या सत्तेखालील मुलूख, जिची होती तिच्याकडे, म्हणजे एलिनॉरकडे, परत गेली.

मध्ययुगीन फ्रान्समधील उमरावांच्या लेकीसुनांच्या विवाहांविषयी जे काही लिहिले जाते, त्यात हे प्रकरण हमखास येते. पण बहुधा ते एका तेजस्वी राणीची आणि तिच्या निरुत्साही नवऱ्याची गोष्ट म्हणून येते. येथे ते वेगळ्या बाजूने तपासायचे आहे. नाते ११५२ मध्ये जेवढे होते तेवढेच ११३७ मध्येही होते. मग ते आधी कोणाला दिसले, कोणी झाकले, कोणी बाहेर काढले आणि प्रत्येक वेळी जमिनीचे काय होणार होते, हा खरा प्रश्न आहे.

वारसदार मुलगी

ॲक्विटेनचा ड्यूक दहावा विल्यम ९ एप्रिल ११३७ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्री वारला. त्याचा एकुलता एक मुलगा आणि पत्नी सात वर्षांपूर्वीच गेलेले होते. मागे दोन मुली उरल्या: तेरा ते पंधरा वर्षांची एलिनॉर आणि धाकटी पेत्रोनिल. ल्वारच्या दक्षिणेपासून पिरेनीज पर्वतापर्यंत पसरलेल्या या डचीपुढे फ्रान्सच्या राजाचा स्वतःच्या ताब्यातील मुलूख, म्हणजे पॅरिस आणि ओर्लेआंच्या आसपासचा पट्टा, अगदीच लहान होता. राजा ड्यूकचा अधिपती होता, पण कागदावरच. त्याची आज्ञा ल्वारच्या पलीकडे फारशी चालत नसे.

मुलगा नसला तर मुलीला वारसा मिळण्याची चाल या प्रदेशात रुळलेली होती. मात्र मुलीला वारसा मिळणे आणि तो तिच्या हाती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. अविवाहित वारसदारणीला पळवून नेऊन तिच्याशी लग्न लावणारा माणूस लग्नाबरोबरच तिच्या मुलखाचाही धनी होत असे. त्यामुळे ड्यूकने मरण्यापूर्वी मुलींना राजा सहावा लुई याच्या पालकत्वाखाली दिले. राजा स्वतः अतिसाराने अंथरुणाला खिळलेला होता. त्याने आपला सतरा वर्षांचा मुलगा लुई याला, सां-दनीच्या मठाचे अधिपती सुजेर, शांपेनचा काउंट तिबो आणि वेर्मांद्वाचा काउंट राऊल यांच्यासह, सुमारे पाचशे शिलेदार देऊन दक्षिणेला पाठवले. २५ जुलै ११३७ रोजी बोर्दोच्या सां-आंद्रे कॅथेड्रलमध्ये विवाह झाला. नवे जोडपे पॅरिसला पोहोचण्यापूर्वीच, १ ऑगस्टला, म्हातारा राजा वारला आणि एलिनॉर राणी झाली.

या विवाहाच्या व्यवस्थेतील एक बाब पुढच्या सगळ्या घडामोडींची किल्ली आहे. ॲक्विटेन फ्रान्सच्या राजमुलखात विलीन झाले नाही. लुई ड्यूक झाला तो बायकोच्या हक्काने. दोन्ही मुकुट एकत्र यायचे होते ते त्यांच्या मुलाच्या डोक्यावर. मुलगा झाला असता तर पॅरिसचा राजा पिरेनीजपर्यंतचा खरा धनी झाला असता. मुलगा होईपर्यंत मात्र तो आपल्या बायकोच्या मुलखाचा कारभारी होता, एवढेच.

एलिनॉरने लग्नाच्या वेळी लुईला दिलेले स्फटिकाचे एक पात्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लुईने ते सुजेरला दिले, सुजेरने सोन्याचे आणि रत्नांचे कोंदण करून आपल्या मठाला अर्पण केले आणि पात्र कोणाकडून कोणाकडे आले याची नोंद त्याच्या बैठकीवर कोरून घेतली. तिच्या हातून गेलेली आणि आज पाहता येण्याजोगी अशी ही बहुधा एकमेव वस्तू आहे. बारकाईने हिशेब ठेवणाऱ्या सुजेरचे, वस्तू हस्तांतरित करताना तिचा उगम लिहून ठेवण्याचे हे भान, राजाच्या विवाहाच्या बाबतीत कोणी दाखवलेले दिसत नाही.

पिढ्यांची मोजदाद

बाराव्या शतकात चर्चने सात पिढ्यांच्या आतील नातलगांचा विवाह निषिद्ध मानला होता. सामाईक पूर्वजाच्या मुलापासून पहिली पिढी धरून दोन्ही बाजूंनी खाली मोजत यायचे, अशी रीत होती. आपल्याकडील हिंदू विवाह कायद्यातील सपिंड नात्याची मर्यादा आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांवर थांबते. चर्चच्या या नियमात आईकडचे आणि वडिलांकडचे असा भेदच नव्हता. परिणाम असा, की फ्रान्समधील उच्चकुलीन घराण्यांना आपल्या तोलामोलाची, पण नात्यात न येणारी सोयरीक सापडणे जवळजवळ अशक्य झाले. नियम काटेकोरपणे लावला असता तर निम्मे दरबार अविवाहित राहिले असते. म्हणून तो लावला जात नसे, आणि लावला जात नसल्यामुळेच तो गरज पडेल तेव्हा वापरण्यासाठी शिल्लक राही. चर्च घटस्फोट मान्य करत नव्हते. विवाह मुळातच झाला नाही असे सिद्ध करणे हाच बाहेर पडण्याचा मार्ग होता, आणि नात्याचा पुरावा जवळजवळ प्रत्येक घरात तयार होता.

लुई आणि एलिनॉर यांचा सामाईक पूर्वज म्हणजे फ्रान्सचा राजा दुसरा रॉबेर. त्याचा मुलगा पहिला आंरी, आंरीचा मुलगा पहिला फिलिप, त्याचा मुलगा सहावा लुई आणि त्याचा मुलगा सातवा लुई: चार पिढ्या. दुसऱ्या बाजूने रॉबेरचा धाकटा मुलगा बर्गंडीचा ड्यूक रॉबेर, त्याची मुलगी इल्देगार्द, तिचा मुलगा नववा विल्यम, त्याचा मुलगा दहावा विल्यम आणि त्याची मुलगी एलिनॉर: पाच पिढ्या. म्हणजे एका बाजूने चौथी, दुसऱ्या बाजूने पाचवी. ही वंशावळ कोणा एका मठात दडलेली नव्हती. दोन्ही घराण्यांना ती तोंडपाठ होती. ११३७ मध्ये तिच्याकडे दुर्लक्ष झाले, कारण त्या वेळी सगळ्यांनाच लग्न हवे होते.

बहिणीचे प्रकरण

या नियमाचा वापर कसा होतो हे एलिनॉरला स्वतःच्या विवाहाच्या आधी बहिणीच्या विवाहात पाहायला मिळाले. राजाच्या आजोबांचा पुतण्या असलेला, वयाने बराच मोठा आणि विवाहित काउंट राऊल पेत्रोनिलच्या प्रेमात पडला. त्याची बायको, जिचे नावही एलिनॉरच होते, शांपेनच्या काउंट तिबोची पुतणी होती. तेव्हा नोयों, लां आणि सांलीस येथील तीन बिशपांनी राऊल आणि त्याची पहिली बायको नातलग असल्याचा दाखला दिला, विवाह रद्द ठरवला आणि राऊलचे पेत्रोनिलशी लग्न लागले. तिबोने पोपकडे दाद मागितली. ११४२ मध्ये लान्यी येथील सभेत पोपच्या प्रतिनिधीने पहिला विवाह वैध ठरवून राऊल, पेत्रोनिल आणि त्या बिशपांविरुद्ध कारवाई केली. राजाने मेव्हणीची बाजू घेऊन शांपेनवर स्वारी केली, आणि त्या मोहिमेत त्याच्या सैन्याने वित्री गाव पेटवले. आसऱ्यासाठी चर्चमध्ये शिरलेली हजाराहून अधिक माणसे तेथेच जळून मेली. ही घटना लुईच्या मनावर कायमची कोरली गेली असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि पुढे त्याने धर्मयुद्धाला निघण्यामागे तिचा वाटा असावा.

पुढे ११४८ मध्ये रेंस येथील धर्मसभेत पोप तिसरे यूजीन यांनी हेच प्रकरण पुन्हा ऐकले आणि निकाल राऊलच्या बाजूने दिला: पहिला विवाह नात्यामुळे रद्द. म्हणजे एकाच नात्यावर, एकाच माणसाच्या बाबतीत, सहा वर्षांत रोमचे मत उलटले.

या दोन एलिनॉर शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. शांपेनच्या एलिनॉरकडे स्वतःची डची नव्हती. तिच्याकडे फक्त एक बलाढ्य काका होता. काका लढत होता तोपर्यंत तिचा विवाह वैध होता. काकाचे राजाशी जुळल्यावर त्या वैधतेला वाली उरला नाही. मुलूख असलेली स्त्री आणि मुलूख नसलेली स्त्री यांच्यात कायद्याने फरक केलेला नव्हता, पण निकाल मात्र त्या फरकानेच लागत होते.

अँटिऑक ते तुस्कुलुम

लग्नानंतर सात वर्षे राणीला मूल झाले नाही. जून ११४४ मध्ये सां-दनीच्या नव्या चर्चच्या समर्पणाच्या वेळी ती क्लेर्वोचे मठाधिपती बर्नार यांना भेटली आणि तिने आपली व्यथा सांगितली. शांपेनशी चाललेले युद्ध थांबवण्यासाठी राजाचे मन वळव, मग देव मूल देईल, असे बर्नार म्हणाल्याचे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. पुढच्या वर्षी मारी जन्मली. ती मुलगी होती, हे दरबाराने लक्षात ठेवले. ९८७ पासून फ्रान्सच्या राजघराण्यात, म्हणजे कापे घराण्यात, गादी एकदाही न चुकता बापाकडून मुलाकडे गेलेली होती.

याच सुमारास आंजूचा काउंट झोफ्र्वा याने आपला मुलगा हेन्री याच्यासाठी तान्ह्या मारीचा हात मागितला. हे दोघे निषिद्ध नात्यात येतात, असे बर्नार यांनी राजाला कळवले आणि सोयरीक मोडली. हे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण हा हेन्री पुढे याच कथेत पुन्हा येणार आहे आणि तेव्हा त्याची वंशावळ तपासायला कोणीही पुढे येणार नाही.

११४७ मध्ये लुई दुसऱ्या धर्मयुद्धासाठी निघाला आणि एलिनॉर त्याच्याबरोबर गेली. तिच्या मुलखातील सरदारांची मोठी तुकडी या सैन्यात होती. आशिया मायनरमध्ये जानेवारी ११४८ मध्ये कॅडमस डोंगराजवळ सैन्याची मोठी हानी झाली, आणि मार्चमध्ये राजा-राणी अँटिऑकला पोहोचले. अँटिऑकचा अधिपती रेमों हा एलिनॉरचा सख्खा काका. त्याला या सैन्याने आधी उत्तर सीरियात लढावे असे वाटत होते. लुईला जेरुसलेमची यात्रा आधी हवी होती. राणीने काकाची बाजू घेतली.

पुढे काय झाले याचा सर्वात विश्वासार्ह वृत्तान्त सॅलिसबरीच्या जॉनचा आहे. तो काही वर्षे पोपच्या दरबारात होता. तो लिहितो, की काका-पुतणीच्या सततच्या सलगीमुळे राजाच्या मनात संशय आला, आणि राजा तिला घेऊन निघू लागला तेव्हा तिने आपल्या दोघांच्या नात्याचा विषय काढला: चौथ्या आणि पाचव्या पिढीचे नातलग असताना एकत्र राहणे धर्माला धरून नाही. हा आक्षेप त्यापूर्वीही फ्रान्समध्ये ऐकू आला होता, लांच्या बिशप बार्तेलेमींनी पिढ्या मोजून दाखवल्या होत्या, असेही जॉन नोंदवतो. हेच बार्तेलेमी राऊलच्या प्रकरणात दाखला देणाऱ्या तिघांपैकी एक होते. राजाच्या थिएरी गालरां नावाच्या सल्लागाराने त्याला राणीला अँटिऑकमध्ये राहू न देण्याचा सल्ला दिला, आणि तिला सक्तीने जेरुसलेमला नेण्यात आले.

रेमोंशी एलिनॉरचे अनैतिक संबंध होते, ही कथा नंतरच्या इतिवृत्तकारांनी फुगवत नेली. ती खरी की खोटी हे ठरवण्यात शेकडो पाने खर्च झाली आहेत. प्रस्तुत प्रकरणाला तिची गरज नाही. महत्त्वाचे हे, की नात्याचे हत्यार पहिल्यांदा उघडपणे पत्नीने उपसले. ती निव्वळ रागातून बोलली असेल असे मला वाटत नाही. राऊलच्या प्रकरणात हा युक्तिवाद कोठवर पोहोचतो हे तिने घरातच पाहिले होते, आणि विवाह रद्द झाला तर ॲक्विटेन कोणाकडे जाईल हेही तिला माहीत होते.

सुजेरला ही बातमी पॅरिसमध्ये कळली. राजाच्या अनुपस्थितीत राज्यकारभार तोच पाहत होता. त्याने लुईला लिहिले, की राणीविषयी मनात राग असलाच तर तो घरी परत येईपर्यंत झाकून ठेवावा. म्हाताऱ्या मठाधिपतीला डची दिसत होती.

११४९ मध्ये राजा आणि राणी वेगवेगळ्या जहाजांतून परतले. ऑक्टोबरमध्ये रोमजवळील तुस्कुलुम येथे ते पोप यूजीन यांना भेटले. पोपनी दोघांचेही गाऱ्हाणे ऐकले, विवाह तोंडी आणि लेखी कायम केला, कोणत्याही कारणाने तो मोडू नये आणि नात्याचा विषय कोणी काढल्यास बहिष्कृत केले जाईल, अशी ताकीद दिली. जॉन सांगतो, की पोपनी स्वतःची मौल्यवान वस्त्रे अंथरलेल्या एकाच पलंगावर त्यांना झोपायला लावले. त्याआधीच्याच वर्षी राऊलच्या विवाहात नाते ग्राह्य धरणारे पोप हेच. काही काळाने राणीला दिवस गेले. झाली ती पुन्हा मुलगी, आलिक्स.

तुस्कुलुमच्या त्या पलंगावर मुलगा जन्माला आला असता, तर युरोपच्या पुढच्या तीनशे वर्षांचा इतिहास निराळा झाला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. मोह बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित म्हणता येते, की बोजांसीची सभा भरली नसती.

निवाड्याची तयारी

जानेवारी ११५१ मध्ये सुजेर वारला. विवाह टिकवण्याचा आग्रह धरणारा सर्वात वजनदार माणूस गेला. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस आंजूचा झोफ्र्वा आणि त्याचा मुलगा हेन्री पॅरिसला आले. हेन्रीने नॉर्मंडीच्या डचीसाठी लुईपुढे मांडलिकत्वाची शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये झोफ्र्वा अचानक वारला आणि अठरा वर्षांचा हेन्री नॉर्मंडी आणि आंजू या दोहोंचा धनी झाला. पॅरिसच्या त्या मुक्कामातच एलिनॉर आणि हेन्री यांचे काही ठरले होते, असे पुढील काळातील लेखकांनी लिहिले. आपण राजाशी नव्हे तर एका संन्याशाशी लग्न केले, ही राणीची तक्रारही न्यूबर्गच्या विल्यमने घटनेनंतर चाळीसेक वर्षांनी लिहिलेल्या इतिहासात येते. थोरला भाऊ ११३१ मध्ये घोड्यावरून पडून मरेपर्यंत लुई खरोखरच धर्मगुरू होण्यासाठी वाढवला जात होता, त्यामुळे ते वाक्य लोकांच्या तोंडी राहिले.

त्या हिवाळ्यात राजा आणि राणी ॲक्विटेनमधून फिरले आणि राजाने आपली माणसे तेथील किल्ल्यांतून हळूहळू काढून घेतली. म्हणजे बोजांसीला निकाल लागण्याच्या आधीच मुलखाची वाटणी सुरू झाली होती. सभेपुढे राजाकडचे नातलग उभे राहिले, राणीने विरोध केला नाही. बोर्दोचे आर्चबिशप, ज्यांच्या कॅथेड्रलमध्ये लग्न लागले होते, तेही होते. तुस्कुलुमच्या ताकिदीचा विषय निघाल्याचे दिसत नाही.

लुईने असे का केले असावे? जवळपास पंधरा वर्षांत दोन मुली, हे उत्तर पुरेसे आहे, पण पूर्ण नाही. लुईला ॲक्विटेन गमावल्यासारखे वाटले नसावे. मुली त्याच्याकडे होत्या. एलिनॉरला दुसरे मूल झाले नाही तर त्याच तिच्या वारसदार होत्या. शिवाय तिने पुन्हा लग्न करायचे झाले तर अधिपती म्हणून त्याची परवानगी लागणार होती. लुईचा हिशेब कायद्याला धरून होता. चूक एवढीच झाली, की परवानगी न मागता कोणी लग्न केले तर काय करायचे, याचा विचार त्यात नव्हता.

प्वातिएपर्यंतचा रस्ता

निकाल लागताच एलिनॉर आपल्या राजधानीकडे, प्वातिएकडे, निघाली. वाटेत ब्लोआ येथे तिबो नावाच्या तरुण काउंटने, म्हणजे शांपेनच्या जुन्या तिबोच्या मुलाने, तिला पळवण्याचा बेत केला. पुढे हेन्रीचा धाकटा भाऊ झोफ्र्वा हाही दबा धरून बसला. दोन्ही वेळा तिला आगाऊ कळले आणि ती वाट बदलून निसटली. दहाव्या विल्यमने ११३७ मध्ये ज्या भीतीने मुलीला राजाच्या हवाली केले होते, तीच भीती पंधरा वर्षांनी, दोन मुलींची आई आणि फ्रान्सची राणी होऊन गेल्यावरही, तिच्या मागे होती. अविवाहित वारसदारणीचे वय किंवा प्रतिष्ठा पाहिली जात नव्हती.

१८ मे ११५२ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, प्वातिए येथे तिने एकोणीस वर्षांच्या हेन्रीशी विवाह केला. ती त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी होती. राजाची परवानगी घेतली नव्हती. आणि नाते? हेन्री आणि एलिनॉर यांची सामाईक पूर्वज आंजूची एर्मांगार्द. तिच्या पहिल्या लग्नापासून आंजूचे काउंट चौथा फुल्क, पाचवा फुल्क, झोफ्र्वा आणि मग हेन्री. बर्गंडीच्या रॉबेरशी झालेल्या दुसऱ्या लग्नापासून इल्देगार्द, नववा विल्यम, दहावा विल्यम आणि मग एलिनॉर. दोन्ही बाजूंनी चार पिढ्या. लुईशी असलेल्या नात्यापेक्षा हे नाते जवळचे होते. मारीसाठी हेन्रीचे स्थळ नाकारताना बर्नार यांनी जे पाहिले होते, ते मारीच्या आईच्या बाबतीतही तितकेच खरे होते.

लग्नानंतरच्या काही दिवसांत एलिनॉरने दिलेल्या सनदा हा या सगळ्या प्रकरणातील माझ्या मते सर्वात मोलाचा पुरावा आहे, कारण बाकी सगळे तिच्याविषयी इतरांनी लिहिलेले आहे. फोंतेव्रोच्या मठाला दिलेल्या सनदेत, आपण फ्रँकांचा राजा लुई याच्यापासून नात्याच्या कारणाने वेगळ्या झालो आणि आंजूच्या हेन्रीशी विवाहबद्ध झालो, असे तिच्या तोंडी आहे. त्या मठाची अधिपती त्या वेळी हेन्रीची आत्या माथिल्द होती. सां-मॅक्सांच्या मठाला दिलेल्या दुसऱ्या सनदेत तर अधिक स्पष्ट व्यवहार आहे: लुईबरोबर राणी असताना दिलेले जंगल चर्चच्या निवाड्याने विभक्त झाल्यावर तिने परत घेतले, आणि मग मठाच्या विनंतीवरून स्वतःच्या हक्काने पुन्हा दिले. बोजांसीच्या निकालाचा अर्थ ॲक्विटेनमध्ये कसा लावला गेला हे त्या एका व्यवहारातून कळते. पूर्वीचे दान नवऱ्याच्या काळातील होते. आता देणारी ती होती.

त्यानंतरचा हिशेब

लुईने हेन्रीला अधिपतीच्या नात्याने जाब विचारला, हेन्री आला नाही, आणि उन्हाळ्यात युद्ध पेटले. राजाच्या बाजूने हेन्रीचा भाऊ झोफ्र्वाही होता. हेन्रीने काही आठवड्यांत सगळ्यांना हटवले. ऑगस्ट ११५३ मध्ये एलिनॉरला मुलगा झाला, आणि मारी आणि आलिक्स यांचा ॲक्विटेनवरील वारसा संपुष्टात आला. ११५४ मध्ये लुईने ॲक्विटेनचा ड्यूक ही पदवी वापरणे थांबवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हेन्री इंग्लंडचा राजा झाला. एलिनॉरला हेन्रीपासून एकूण आठ मुले झाली, त्यांत पाच मुलगे.

लुईने ११५४ मध्ये कास्तीलच्या कोंस्तांसशी लग्न केले. तिलाही मुलीच झाल्या आणि ऑक्टोबर ११६० मध्ये ती बाळंतपणात वारली. पाच आठवड्यांनी राजाने शांपेनच्या आदेलशी लग्न केले. ती काउंट आंरी आणि काउंट तिबो यांची बहीण. याच दोघा भावांना मारी आणि आलिक्स दिल्या गेल्या, म्हणजे सासरा आपल्या जावयांचा मेव्हणा झाला. आलिक्सचा नवरा तिबो हा ११५२ मध्ये तिच्या आईला पळवू पाहणारा तोच काउंट.

आता या दोन्ही राण्यांच्या वंशावळी पाहाव्यात. कोंस्तांस: दुसरा रॉबेर, त्याचा मुलगा बर्गंडीचा रॉबेर, त्याची मुलगी कोंस्तांस, तिची मुलगी उर्राका, तिचा मुलगा सातवा अल्फोन्सो, त्याची मुलगी ही. आदेल: दुसरा रॉबेर, त्याची मुलगी आदेल, तिची मुलगी माथिल्द, तिची मुलगी ब्लोआची आदेल, तिचा मुलगा तिबो, त्याची मुलगी ही. दोघीही त्याच रॉबेरपासून पाचव्या पिढीतल्या, आणि लुई चौथ्या. ज्या नात्यासाठी एलिनॉरचा विवाह रद्द झाला, नेमके तेच नाते, पिढीचाही फरक नसलेले, पुढच्या दोन्ही विवाहांत होते. ऑगस्ट ११६५ मध्ये आदेलला मुलगा झाला, फिलिप, आणि तिच्या वंशावळीची चौकशी करण्याचे कोणाला कारण उरले नाही. १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन धर्मसभेने मनाई सातवरून चार पिढ्यांवर आणली. दोन बाजूंच्या पिढ्या असमान असतील तर लांबची धरावी हा नंतर स्थिरावलेला नियम लावला, तर लुई आणि एलिनॉर यांचा विवाह वैध ठरला असता आणि हेन्री आणि एलिनॉर यांचा निषिद्ध.

हेन्रीकडेही हे हत्यार होते, लुईपेक्षा धारदार. ११७३ मध्ये एलिनॉरने मुलांच्या बंडाला पाठिंबा दिला, लुईच्या मुलखाकडे जाताना ती पकडली गेली आणि पुढे १५ वर्षांहून अधिक काळ हेन्रीच्या कैदेत राहिली. ११७५ च्या सुमारास पोपचा प्रतिनिधी इंग्लंडमध्ये असताना हेन्रीने विवाह रद्द करून घेण्याचा प्रयत्न केल्याचे समकालीन लेखक सांगतात. तो तडीस गेला नाही. हेन्रीने बोजांसीचा निकाल जवळून पाहिला होता, किंबहुना त्याचा सर्वात मोठा लाभ त्यालाच झाला होता. विवाह रद्द झाला असता तर एलिनॉर पुन्हा ॲक्विटेनची स्वतंत्र धनीण झाली असती. तिला बायको म्हणून कैदेत ठेवणे त्यापेक्षा स्वस्त होते.

जुलै ११८९ मध्ये हेन्री वारला आणि ती सुटली. दहा वर्षांनी तिचा मुलगा रिचर्ड, ज्याला तिने ॲक्विटेनची गादी दिली होती, तोही गेला. मागे राहिलेला धाकटा मुलगा जॉन आणि नातू आर्थर यांच्यात वारशाचा तंटा सुरू झाला, आणि आर्थरच्या मागे फ्रान्सचा राजा उभा होता. तेव्हा जुलै ११९९ मध्ये पंचाहत्तरीच्या घरातील एलिनॉर स्वतः तूर येथे गेली आणि फ्रान्सच्या राजापुढे आपल्या मुलखासाठी मांडलिकत्वाची शपथ घेतली. ॲक्विटेन बापाकडून आलेले आहे आणि ते तिच्या हयातीत तिचेच आहे, हे अधिपतीकडूनच मान्य करून घेऊन तिने मग ते जॉनच्या नावे केले. तिची शपथ स्वीकारणारा राजा होता फिलिप, लुई आणि आदेल यांचा मुलगा.